नावं गेली तो बहार

डिसेंबर लागला की आमच्या भागात मोसंबीच्या बागा उपाशी ठेवतात. बहार धरायची ही रीत आहे. पाणी तोडायचं आणि झाडाला ताण द्यायचा. पानं आधी मलूल होतात, मग पिवळी पडतात, मग गळू लागतात. रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसाला वाटावं, या बागेचा मालक गाव सोडून गेला. जानेवारीत पुन्हा पाणी सोडतात, फांद्यांच्या टोकांना पोपटी कोंब फुटतात आणि त्यांच्या मागोमाग फूल येतं. अंबडहून तीर्थपुरीकडं जाणाऱ्या एसटीच्या खिडक्या त्या दिवसांत उघड्याच असतात, ऊन अजून चटका देत नसतं. त्या खिडक्यांतून फुलांचा वास आत येतो. बसमधली माणसं त्यानं भारावून गप्प होतात असं काही नाही. ती आपली मोबाइलवर बोलत असतात, शेंगा सोलत असतात. वास येतो आणि पुढच्या बागेपर्यंत टिकतो, एवढंच.

यंदाही आला. मी खिडकीशी बसले होते. दरवर्षी हा वास आला की मला एक विशिष्ट बहार आठवतो, ज्या वर्षी माझ्या मोठ्या भावाच्या मेंदूला सूज आली तो. त्याला आता बरीच वर्षं झाली. आता मी त्या बहाराकडं एखाद्या जुन्या फोटोकडं बघावं तशी बघू शकते. दुखत नाही. पण दिसतं सगळं स्पष्ट.

दादाचं शेत तीर्थपुरीच्या अलीकडं आहे. वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबून शेवटी घेतलेलं, आणि दादानं त्यात विहीर खणून लावलेली मोसंबी. आमच्या घरातली ती पहिली बाग. दादाला ती झाडानिशी माहीत होती. कोणत्या झाडाला डिंक्या रोग झाला होता, कोणतं झाड एका वर्षाआड फळ देतं, कोणत्या फांदीवर बुलबुलाचं घरटं आहे. मी जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत, उगवण तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदात दाणे मांडायचे, गुंडाळी करायची, काही दिवसांनी उघडून उगवले किती ते बघायचं. दादा मला नावानं हाक मारून चिडवायचा, "मित्रा, तू कागदावर शेती करून राह्यलीस. पाऊस न्हाई, किडं न्हाई, बिलकुल खटखट न्हाई."

त्या डिसेंबरात ताण छान बसला होता. दादा रोज सकाळी बागेत जाऊन पानं मुठीत चुरगळून बघायचा. आणि मग एक दिवस त्याला वास यायला लागला.

"रबर जळून राह्यलं कुठं तरी," तो वहिनीला म्हणाला.

वहिनीनं चूल बघितली, गोठा बघितला. कुठं काही नव्हतं. दादानं विहिरीवरच्या मोटारीची वायर उघडून तपासली, स्टार्टरचं झाकण काढून नाक लावून बघितलं. वास थोडा वेळ यायचा, जायचा, पुन्हा यायचा. त्याच्या जोडीला डोकं दुखायला लागलं आणि अंग तापलं. गावातल्या डॉक्टरनं तापाच्या गोळ्या दिल्या. थंडीचे दिवस, घरोघरी ताप. कुणालाही वावगं वाटलं नाही, वाटायचं कारणही नव्हतं.

वावगं पहिल्यांदा वाटलं ते वहिनीला. दादानं चहा मागितला, प्याला आणि कप खाली ठेवून पुन्हा चहा मागितला. ती म्हणाली, "आत्ताच तर पेलात." तो तिच्याकडं बघत राहिला आणि त्यानं तिला आमच्या आईच्या नावानं हाक मारली. आई जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता. मग तो उठला, पायातली चप्पल काढली आणि उचलून फडताळात भांड्यांच्या ओळीत नीट मांडून ठेवली.

वहिनी नंतर मला म्हणाली, "ताई, मानूस तापात बडबडतं, ते मी बघितलेलं हाय. पन चप्पल त्यांनी अशी सरळ करून ठेवली ना, वाट्या ठेवल्यागत. तवाच मला कळलं, हे नुसतं तापाचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ऊन खात बसलेला असताना त्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवा हात झटके देऊ लागला आणि तो खाटेवरून घसरला. शेजारच्या रानातले किसनराव पळत आले. त्यांचं-आमचं बांधाला बांध लागून. वडिलांच्या वेळी त्यांच्याच घरच्या रानात आमची माणसं मजुरीला जायची. त्यांनी आपली जीप काढली. कुणीतरी म्हणालं, आधी अमक्या गावच्या देवऋष्याला दाखवा, हे बाहेरचं आहे. वहिनी जीपमध्ये दादाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "बाहेरचं असंल तर डागदर बाहेर काढतील. जल्दी चला."

जालन्यातून आम्हाला लगेच संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मी आणि प्रज्ञा, म्हणजे दादाची मुलगी, जालन्यातच त्यांच्या गाडीत चढलो. प्रज्ञा तेव्हा माझ्याकडं राहून कॉलेज करत होती. वाटेत दादाला आणखी एकदा झटका आला. तो ओसरल्यावर त्याचा श्वास घोरल्यासारखा चालू राहिला आणि आम्ही तिघी त्या श्वासाकडं कान लावून बसलो. खिडकीबाहेर कापसाची रानं मागं पळत होती. कुणीही रडलं नाही. रडायला निदान काय झालं आहे ते माहीत असावं लागतं.

ते आम्हाला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्यांचा आवाज घोगरा होता, ड्यूटी लांबलेली असावी. त्यांनी आम्हाला बाजूला बोलावून हातानं दाखवत समजावलं. उजव्या हाताची मूठ केली, तीवर डावा पंजा झाकला.

"ही मूठ म्हणजे मेंदू आणि हा पंजा म्हणजे त्याच्याभोवतीचं आवरण. विषाणूनं नुसतं आवरण सुजलं तर डोकं दुखतं, मान आखडते, उलट्या होतात, पण माणूस बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. यांची मूठ सुजली आहे. खुद्द मेंदू. तो जळक्या रबराचा वासही तिथूनच येत होता."

"कुनाकडून आला हा रोग?" वहिनीनं विचारलं.

"कुणाकडूनच नाही. ताप उतरताना ओठाच्या कडेला पुटकुळ्या येतात ना? तोच विषाणू असावा असा आमचा अंदाज आहे. पुष्कळ लोकांच्या अंगात तो लहानपणापासून झोपून असतो. लाखांत एखाद्याच्या मेंदूत उठतो."

"यांच्याच कामून उठला?"

"ते आम्हालाही माहीत नाही."

मला त्या बाईंचं हे उत्तर आवडलं. तेव्हा नव्हे, नंतर. तेव्हा मला वाटलं होतं की एवढी शिकलेली बाई, काहीतरी कारण सांगायला हवं होतं. पाणी दूषित होतं म्हणा, डास चावले म्हणा. कारण असलं की माणसाला राग धरायला जागा मिळते.

पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासायचं होतं. त्याला वहिनीची संमती हवी होती. बाहेर व्हरांड्यात बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तिला सांगून ठेवलं होतं की मणक्याचं पाणी काढलं की पाय जातात. वहिनी डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली. "पाय जातेत का?" "नाही जात. भीती सगळ्यांनाच वाटते, पण नाही जात." "मंग काढा." आणि तिनं सही केली. सुमन हे नाव तिनं इतकं सावकाश लिहिलं की मला तिची शाळेतली पाटी दिसली.

"रिपोर्ट यायला वेळ लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण आपण थांबणार नाही. त्या विषाणूचं औषध आत्ताच शिरेतून चालू करतोय. उशीर झाला तर औषधाचा उपयोग कमी होत जातो."

"वाचतील ना?"

"वाचतील असं मला वाटतं." त्यांनी पुन्हा मूठ वळली. "पण मेंदू सुजून उतरतो तेव्हा काहीतरी घेऊन जातो, ताई. काय नेलं ते सूज उतरल्यावरच कळेल."

मग वाट बघणं आलं. दवाखान्याच्या आवारात एक कडुनिंब होता आणि त्याच्याखाली जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली माणसं चटया टाकून राहत होती. आमच्या शेजारी वाटूरची एक बाई होती. तिच्या मुलीला आवरणाची सूज होती, म्हणजे पंजा, मूठ नव्हे. मुलगी उजेडानं कण्हायची, मान हलवू द्यायची नाही. पण चार-पाच दिवसांत ती उठून बसली, पोहे मागू लागली आणि तिला घरी सोडलं. जाताना ती बाई आपली चटई आणि ताटली आम्हाला देऊन गेली. वहिनी तिला फाटकापर्यंत पोचवून आली. परत येऊन म्हणाली, "तिच्या घराचं नुसतं कवाड सुजलं होतं. आपलं तर आतलं घर." तिच्या बोलण्यात हेवा नव्हता. दोन आजारांमधला फरक तिनं आपल्या भाषेत लावून घेतला होता आणि तो बरोबर होता.

औषध दिवसातून तीनदा शिरेतून चालायचं. ताप उतरला. झटके थांबले. दादानं डोळे उघडले, पण पहिले काही दिवस तो आमच्या पलीकडं कुठंतरी बघायचा. मग एका सकाळी प्रज्ञा त्याचं तोंड पुसत होती, तेव्हा तो म्हणाला, "कॉलेज न्हाई का आज?"

प्रज्ञा ओला रुमाल हातात धरून तशीच उभी राहिली. वहिनी बाहेरून आली तेव्हा त्यानं तिला तिच्या नावानं हाक मारली. मला म्हणाला, "मित्रा, वाळलीस." आम्ही तिघी हसलो. त्या दिवशी दुपारी आम्ही आवारातल्या टपरीवर दोन-दोन वेळा चहा घेतला. आमचा माणूस परत आला होता. काय नेलं ते कळेल, हे डॉक्टरीणबाईंचं वाक्य आम्ही विसरलो नव्हतो. पण माणसं ओळखतो आहे, बोलतो आहे, म्हणजे काही नेलंच नाही असं आम्ही धरून चाललो.

इकडं जानेवारी निम्मा झाला होता आणि बाग अजून तहानलेलीच होती. किसनरावांचा फोन आला. "वैनी, आता पानी सोडावं लागंल. पानगळ लई झाली. जास्त ताणली तर फांद्या वाळून जातील. मी सोडलं असतं, पन तुमचे ते व्हॉल्व्ह मला कळत न्हाईत. गौतमनं काय जोडून ठेवलंय, त्यालाच ठावं."

खरंच ते दादालाच ठाऊक होतं. ठिबकच्या नळ्या त्यानं स्वतः बसवल्या होत्या, जुन्या-नव्या तुकड्यांची जोडाजोड करून. वहिनीनं बागेत खुरपलं होतं, फळं तोडली होती, पण पाणी हे दादाचं काम. तेव्हा ती त्याच्या खाटेशी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "अहो, मोटार कशी चालू करायची ते नीट सांगा. मी उद्या जाऊन येते."

दादा उशीला टेकून बसला. मी पायथ्याशी उभी होते. त्यानं सांगायला सुरुवात केली आणि त्याच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जुना ठामपणा आला.

"आधी लाइट बघायची. तिन्ही दिवे बराबर लागले पायजेत. एक जरी मंद असला तरी बटन दाबायचं न्हाई, मोटार जळते. मंग हिरवं बटन. दाबून धरायचं, आवाज भरला की सोडायचं. फिल्टरच्या डोक्यावर काटा हाय, तो बघायचा. वरच्या अंगाचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा, खालचा बंद ठेवायचा. दोन्ही संगं उघडले तर वर पानी चढत न्हाई. आन वरच्या व्हॉल्व्हची चावी उलटी फिरती, ध्यानात ठेव. मी घाईत बसवल्ती."

वहिनी मान हलवत होती, बोटं दुमडत होती. मग तिनं विचारलं, "आन पहिल्या दिवशी किती वेळ सोडू?"

"कशाला सोडायचंय?"

"मोसंबीला."

दादा तिच्याकडं बघत राहिला. चेहऱ्यावर गोंधळ नव्हता. एखादा शब्द नीट ऐकू आला नाही की माणूस थांबतो, तसा तो थांबला होता.

"मोसंबी म्हंजे?"

वहिनी हसली. दादा तसा थट्टेखोर होता. पण तो तिच्याबरोबर हसला नाही आणि मग तिचंही हसू थांबलं. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला त्याच्या नातेवाइकांनी आणलेली मोसंबी तिथं स्टुलावर ठेवलेली होती. दवाखान्यात सगळे तेच आणतात. वहिनीनं त्यांना विचारून एक उचललं आणि दादाच्या हातात दिलं. त्यानं ते फिरवून बघितलं, दाबलं, नाकाशी नेलं. फळाच्या देठाशी त्यानं अंगठा फिरवला, तोडणीच्या वेळी फिरवायचा तसाच. आणि म्हणाला, "गोल हाय. काय करत्यात ह्याचं?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई चित्रांचा गठ्ठा घेऊन आल्या. कात्री, कुलूप, छत्री, सायकल, हातोडी: दादानं एकामागून एक नावं सांगितली, कशाला वापरतात तेही सांगितलं. मग पोपट आला. "जनावर." गाय. "जनावर." मांजर, बेडूक, कावळा. "जनावर." केळ्याच्या चित्राला तो बराच वेळ बघत राहिला आणि "खायचं असंल," म्हणाला. वांगं, आंबा, कणीस, सगळं "खायचं". गुलाबाला तो काहीच बोलला नाही. मग त्यानं वहिनीकडं बघितलं. आपण कुठंतरी चुकतो आहोत हे त्याला कळत होतं, कुठं ते कळत नव्हतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की असं होतं. मेंदूच्या ज्या भागाला हा विषाणू धरतो, तो खराब झाला की काही जणांची जिवंत गोष्टींची ओळख जाते. प्राणी, पक्षी, झाडं, फळं. अवजारं आणि वस्तू राहतात. "मेंदूत या दोन्हींच्या कप्प्यांची मांडणी वेगळी असावी असं दिसतं. पण का, याबद्दल अजून वाद आहेत." थोडंफार परत येईल, थोडं शिकवावं लागेल, आणि नवं लक्षात राहायला त्रास होईल, असं त्यांनी सांगितलं. कारखान्यात काम करणारा एखादा फिटर असता तर कदाचित घरी जाईपर्यंत कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. आमचा माणूस शेतकरी होता.

वहिनी एकटीच गावी गेली. ती मला नंतर सांगत होती, की व्हॉल्व्हची चावी खरंच उलटी फिरली. दादानं सांगितलेला प्रत्येक शब्द बरोबर निघाला. पाणी नळ्यांतून सरकत गेल्याचा आवाज आला आणि झाडांच्या बुंध्याशी थेंब पडायला लागले, तेव्हा ती बांधावर बसली आणि पहिल्यांदा मोकळी होऊन रडली. किसनराव लांब उभे राहिले. तिचं रडणं आटपल्यावर जवळ येऊन म्हणाले, "आज थोडंच सोडा, वैनी. इतकं दिवस उपाशी ठेवल्यावर येकदम भरपेट देऊ न्हाई." तिनं ऐकलं. हप्ताभर ती गावी राहिली, मग तिच्या जागी प्रज्ञा गेली आणि वहिनी दवाखान्यात परतली. एक बागेत, दोघी दवाखान्यात, अशी बाग तिघींनी मिळून फुटवली.

दादाला घरी आणलं तेव्हा बाग फुलात होती. उशिरा पाणी दिलं म्हणून फूल जरा कमी आणि मागं पडलेलं होतं, पण वास होता. गाडीतून उतरल्यावर दादा फाटकाशीच थांबला.

"गोड वास हाय. कशाचा?"

"फुलाचा," मी म्हणाले.

"कशाच्या फुलाचा?"

मी सांगितलं. तो "बरं" म्हणाला.

त्यानंतरचे दिवस मला दवाखान्यातल्या दिवसांपेक्षा जड गेले असं वाटतं. दवाखान्यात आपलं काम ठरलेलं असतं. घरी आलेला माणूस मात्र धडधाकट होता, जेवत होता, हसत होता, जुन्या गोष्टी सांगत होता आणि सकाळी उठून खुरपं घेऊन रानाकडं निघत होता. त्याला कोण अडवणार? बागेच्या खालच्या तुकड्यात वहिनीनं कांदा लावला होता. दादा तिथं बसला आणि त्यानं अगदी मन लावून, दोन ओळी, मातीपर्यंत स्वच्छ केल्या. गवत आणि कांदा, सगळं उपटून बाजूला व्यवस्थित ढीग घातला. वहिनी भाकरी घेऊन गेली तेव्हा तो तिसऱ्या ओळीत होता.

तिनं भाकरी ठेवली. त्याच्या हातातलं खुरपं घेतलं. रागावली नाही. दादानं तिच्या तोंडाकडं बघितलं, मग ढिगाकडं.

"चुकलं का?"

"हाव."

"कोनतं ठेवायचं होतं?"

तिनं कांद्याची एक पात उचलून दाखवली. त्यानं ती घेतली, गवताची काडी दुसऱ्या हातात घेतली आणि दोन्ही डोळ्यांसमोर धरून बराच वेळ बघितलं. "मला दोन्ही हिरवीच दिसून राह्यलीत, सुमन," तो म्हणाला. मग दोन्ही खाली ठेवली. "आता मी रानात काय करू?"

ती त्याच्याजवळ मातीत बसली. उपटलेल्यातला तग धरेल असा कांदा दोघांनी मिळून पुन्हा लावला. ती रोप हातात द्यायची, तो खड्डा करून दाबायचा. ते लागवडीचं काम त्यानं उत्तम केलं.

मी सुटीच्या दिवशी जायचे. मला वाटलं, आपण बियाण्यातले लोक, नावं पुन्हा पेरता येतील. प्रयोगशाळेतून मी छोट्या पुड्या नेल्या. हरभरा, तूर, गहू, ज्वारी, करडई. दाणा हातावर ठेवायचा, नाव सांगायचं, त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं. तो मुकाट्यानं म्हणायचा. संध्याकाळपर्यंत त्यातली निम्मी यायची आणि सकाळी पुड्या पुन्हा तशाच परक्या. एकदा करडईच्या दाण्यावर तो इतका घामाघूम झाला की वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"ताई, राहू द्या ना आता. शाळा घेतल्यावानी करू नका. लई दमतेत ते."

मी पुड्या आवरल्या. तिचं बरोबर होतं, आणि तिनं त्याच्यासाठी दुसरीच वाट शोधली होती. ती त्याला नाव विचारायचीच नाही. ती वस्तूवरून सांगायची. गहू म्हणजे ज्याची आपण गिरणीवर रांग लावतो ते. ऊस म्हणजे कोयत्यानं तोडून ट्रॉलीत भरतात आणि अंकुशनगरच्या साखर कारखान्याला नेतात ते. बैल म्हणजे जुवाखाली असतो तो. अवजाराच्या बाजूनं गेलं की दादाला जिवंत वस्तू सापडायची, मागच्या दारानं आत शिरावं तशी. आणि मोसंबी म्हणजे वरचा व्हॉल्व्ह उघडल्यावर ज्याला पाणी जातं ते. हे मात्र त्याला पक्कं राहिलं.

हळूहळू कामं बदलली. पुढच्या वर्षापासून ताण कधी द्यायचा, कधी तोडायचा, छाटणी, फवारणी, मजूर, सगळं वहिनी बघू लागली. पहिल्या वर्षी ती किसनरावांना विचारायची. आता किसनरावांचा मुलगा तिला विचारायला येतो. दादा विहिरीवर असायचा. आधी त्यानं आपली मोटार उघडून पुन्हा बांधली, मग किसनरावांची. मग लोक फवारणीचे पंप, बुजलेले फिल्टर, अडकलेले व्हॉल्व्ह घेऊन येऊ लागले. आमच्या अंगणात आता पान्ह्यांची एक फळी आहे, प्रत्येक पान्ह्याची जागा ठरलेली. गावातल्या माणसांनाही तो पंपावरून ओळखतो असं लोक थट्टेनं म्हणतात. आणि ती थट्टा तो हसून घेतो.

मी एकदा त्याला विचारलं होतं, "दादा, तुला वाईट वाटतं का रे?"

तो एक वॉशर तेलात बुडवत होता. "कशाचं?"

"गेलं त्याचं."

त्यानं विचार केला. "तुम्ही लोक माझ्याकडं बघून कधी कधी तोंड पाडता, तवा वाटतं. पन जे गेलं ते काय होतं हे मला कुठं ठावं हाय? तुमाला ठावं हाय. मंग वाईट तुमालाच वाटनार ना."

यावर मी पुष्कळ दिवस विचार केला आहे. हरवलेली वस्तू हरवली हे तरी आठवतं. त्याच्याकडं ती जागाच राहिली नाही. बुलबुलाचं घरटं कोणत्या फांदीवर आहे हे ज्याला ठाऊक होतं तो माणूस आमच्या आठवणीत आहे, त्याच्या नाही. आम्ही त्या माणसासाठी अधूनमधून झुरतो आणि हा आमच्यासमोर बसून वॉशर बदलतो. दोघांनाही आम्ही दादाच म्हणतो.

प्रज्ञाचं लग्न झालं. बाळंतपणाला ती माहेरी आली आणि मुलगी झाली. विहारात वंदना घेऊन नाव ठेवायचं ठरलं, पण त्याआधीच एका सकाळी वहिनीनं बाळ दादाच्या मांडीवर दिलं. त्यानं तिच्या मुठी उलगडून बघितल्या. आम्ही सगळे थोडे धास्तावलेलो होतो, तो तिला काय म्हणेल म्हणून. तो म्हणाला, "हिचं नाव काय?"

"अजून ठेवलं न्हाई," प्रज्ञा म्हणाली.

"म्हंजे कुनालाच ठावं न्हाई?"

"कुनालाच न्हाई."

"असं होय," तो म्हणाला आणि त्याला इतकं हसू आलं की बाळ दचकलं.

तिचं नाव सांची ठेवलं. ती चालायला लागली तशी आबांचं, म्हणजे दादाचं, बोट धरून बागेत हिंडू लागली. प्रज्ञाची नोकरी जालन्यात असल्यानं सांची बरेचदा आजीकडंच असते. मागच्या बहारात मी गेले तेव्हा दोघं बांधावर उभे होते. सांचीनं समोर बोट दाखवलं. तारेवर एक पाखरू ओरडत बसलं होतं. दोघांनीही मान वळवून वहिनीकडं बघितलं. वहिनी खोऱ्यानं आळं सारखं करत होती. वर न बघताच आवाजावरून म्हणाली, "कोतवाल हाय." दोघं म्हणाले, "कोतवाल." सांचीला त्यातला "त" जमत नव्हता.

यंदा मी गेले. एसटीतून उतरून चालत शेतात पोचले तेव्हा वहिनी वरच्या अंगाला मजुरांबरोबर होती. दादा आणि सांची बागेपलीकडच्या मोकळ्या रानात होते. तिथं नांगरलेल्या ढेकळांतून लांब पिवळ्या पायांचं एक पाखरू तुरुतुरु पळत होतं आणि कर्कश ओरडत होतं. दादा थांबला. त्यानं सवयीनं वहिनीकडं मान वळवली, पण ती लांब होती.

"हे काय हाय?" तो आपल्याशीच म्हणाला.

"आबा, टिटवी," सांची म्हणाली.

त्यानं खाली तिच्याकडं बघितलं. "टिटवी?"

"हाव. टिटवी."

"टिटवी," तो म्हणाला. दोघं चार पावलं चालले. पाखरू पुढं जाऊन पुन्हा ओरडलं. दादानं पुन्हा विचारलं, "हे काय हाय, बाळा?" आता आमच्यापैकी कुणी असतं तर आवाज जरासा बदलला असता. समजूतदार झाला असता, सावकाश झाला असता.

सांचीचा बदलला नाही. "टिटवी!" ती म्हणाली, आत्ताच उडत येऊन बसलेली वस्तू दाखवावी तशी. त्यानं पुन्हा विचारलं असतं तर तिनं पुन्हा तसंच सांगितलं असतं. त्यानं विचारलंच.